धनुष्याच्या पाठीसाठी सरस कुठला घ्यायचा

लाकडी धनुष्याच्या पाठीवर सिन्यू, म्हणजे जनावराच्या कंडरेचे सुकवलेले तंतू, चढवायचा म्हटलं की सगळे आधी सिन्यूबद्दलच विचारतात. कुठून आणायचा, किती लागतो, बोकडाचा चालतो का म्हशीचाच पाहिजे, आणि गोंदाचा विषय अगदी शेवटी, तोही "ताई, फेविकॉलने होईल ना?" एवढ्यावर उरकतात. माझं म्हणणं आहे की आधी सरस, म्हणजे जनावराच्या कातड्याचा नाहीतर हाडांचा गोंद, ठरवा आणि मग बाकीचं सामान गोळा करा. कारण वाळल्यावर त्या पाठीवर जो कडक, अर्धपारदर्शक थर बसतो ना, त्यात सरसाचा वाटा फार मोठा असतो. तो नुसता तंतू धरून ठेवायला नाहीये, तो त्या थराचाच माल आहे. माल म्हणून त्याची निवड केली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धनुष्य ओढलं की आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं आणि समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. लाकूड साधारण १ टक्का ताणलं गेलं की मोडायच्या बेताला येतं. जनावराच्या पायात जी कंडरा असते, खाटीक तिला नुसतं शीर म्हणतात, ती सुकवून, कुटून तिचे तंतू मोकळे केले तर ते तुटायच्या आधी ८ ते १० टक्के ताण सहन करतात. हे तंतू सरसात भिजवून पाठीवर थरावर थर लावले की लाकडाच्या वाट्याचा ताण ते घेतात, आणि मग आखूड धनुष्यसुद्धा लांबवर ओढता येतं. उत्तर अमेरिकेतल्या घोड्यावरून शिकार करणाऱ्या लोकांची धनुष्यं बघा, किंवा कॅलिफोर्नियातल्या यूरोक आणि हूपा लोकांची ती पातळ, रुंद, रंगवलेली, यू नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्यं बघा, सगळी याच युक्तीवर उभी आहेत.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण ईशीचं. 'याही' नावाच्या जमातीचा तो शेवटचा माणूस, ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ एकटा बाहेर आला, आणि पुढे १९१६ मध्ये जाईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी म्युझियममध्ये राहिला. तिथे सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरशी त्याची दोस्ती झाली आणि पोपने त्याचं धनुष्य बनवणं जवळ बसून बघितलं, लिहून ठेवलं. ईशी जुनिपरचं लाकूड वापरायचा, हरणाच्या पायातल्या लांब कंडरा तोंडात चावून चावून मऊ आणि मोकळ्या करायचा, आणि सरस करायचा सॅमन माशाची कातडी शिजवून. लाकडाची पाठ खरबरीत करून तिला तो सरस लावायचा आणि मग वर तंतू. ना थर्मामीटर, ना पाकिटावर आकडे. पण बघा, नदीत जो मासा आहे त्याच्या कातडीचा सरस, जो प्राणी खायला मारतो त्याची कंडरा, आणि सगळं कुठल्या हवेत वापरायचं आहे ते पक्कं माहीत. निवड करायची ती अशी, आपल्या हाताशी काय आहे आणि आपली हवा कशी आहे हे बघून.

आता सरस म्हणजे नक्की काय ते बघू, कारण ते कळलं की दुकानदार काहीही सांगो, आपण चुकत नाही. कंडरा म्हणजे जवळजवळ सगळं कोलॅजन. कातडंसुद्धा कोलॅजन. हे कोलॅजन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ असतो, पाण्यात तापवत ठेवलं की पीळ सुटतो आणि धागे पाण्यात विरघळतात, त्यालाच आपण सरस म्हणतो, आणि तेच जास्त स्वच्छ केलं की जिलेटिन. म्हणजे सिन्यू आणि सरस ही एकाच मालाची दोन रूपं आहेत, म्हणूनच त्यांचं इतकं जमतं. ओला तंतू सरस पिऊन घेतो, पाणी उडून जाताना दोघंही आक्रसतात, आणि आक्रसताना धनुष्याची टोकं पुढे, पाठीच्या बाजूला, खेचली जातात. दोरी न चढवलेलं धनुष्य वाळताना हळूहळू उलटं वाकायला लागतं ते यामुळे. हा फुकटचा ताण आहे आणि तो सरस-सिन्यूच्या जोडीतूनच येतो.

म्हणून फेविकॉल नको. आपण ज्याला सरसकट फेविकॉल म्हणतो तो पांढरा पीव्हीए गोंद फर्निचरला उत्तम आहे, माझ्याकडची सगळी स्टुलं त्यानेच जोडलेली आहेत, पण तो सतत ताणाखाली असला की हळूहळू सरकतो आणि गरम हवेत मऊ पडतो. धनुष्याच्या पाठीला तर ताणच ताण. इपॉक्सीचं दुखणं वेगळं, त्याला सगळं कोरडं लागतं आणि सिन्यू तर ओला करूनच सरळ बसतो. काहीजण कोरडा सिन्यू इपॉक्सीत बसवतात, धनुष्य चालतंही, पण ते आक्रसणं, ते टोकं खेचून घेणं त्यात मिळत नाही, मग एवढा खटाटोप कशाला.

बरं, आता आकडे. परदेशी सरसाच्या पाकिटावर १९२, २५१, ३१५ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि बघणारा सहज ३१५ उचलतो, जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत. तसं नाहीये. हे आकडे जेली किती घट्ट होते त्याचे आहेत. ऑस्कर ब्लूमने १९२५ मध्ये हे मोजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि जिलेटिन आजही त्याच्याच नावाने मोजतात. ६.६७ टक्क्यांचं जिलेटिनचं पाणी १० अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवायचं, आणि मग अर्ध्या इंचाचा दट्ट्या त्या जेलीत ४ मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम जोर लागतो ते बघायचं, तो झाला ब्लूम. सरसाची चाचणी याच धर्तीवर पण जास्त दाट द्रावणावर करतात, त्यामुळे सरसाचे २५० आणि जिलेटिनचे २५० अगदी एकाला एक धरू नका. पण दिशा तीच. आकडा जितका मोठा तितके धागे लांब, तितकं पाणी जास्त लागतं, आणि थंड झाल्यावर तितक्या लवकर त्याची जेली होते.

हे लवकर जेली होणं खुर्चीच्या पायाला उपयोगाचं असेल, सिन्यूला नाही. सिन्यूच्या एकेका जुडीत शेकडो तंतू असतात, सरसाला त्यांच्या मधोमध शिरायला वेळ पाहिजे, आपल्यालाही जुडी पाठीवर ठेवून बोटाने सपाट करायला, शेजारच्या जुडीत मिसळायला वेळ पाहिजे. ३१५ चा सरस हातातच गोठायला लागतो, बाहेरून चकचकीत दिसतं आणि आत कोरडे तंतू तसेच. म्हणून मिळत असेल तर माझी पहिली पसंती १९२ ला, २५१ असेल तर पाणी थोडं वाढवून चालतो, ३१५ च्या वाटेला जाऊ नका. १९२ ला वजनाने एक भाग सरसाला दोन ते अडीच भाग पाणी मला बरोबर वाटतं.

आणि इथे तापमानाची एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. सुतारकामाच्या माहितीत सगळीकडे सरस ६० अंशांवर ठेवा असं असतं, आणि ते लाकडासाठी बरोबरच आहे. त्याच्या फार वर गेलं तर धागे तुटत जातात आणि जोर जातो. मी ज्या सुतारकाकांकडे रंधा धरायला शिकले ते म्हणायचे, "पोरी, सरसाला उकळी आली की तो मेला, मग त्याला फेकून द्यायचं, त्याच्यावर जीव लावायचा नाही." पण ओल्या कंडरेचं वेगळं असतं, ती साधारण ६० ते ६५ अंशांच्या आसपास एकदम आखडते, वेटोळं होऊन अर्धी होते आणि त्यानंतर तिच्यात काही राम राहत नाही. म्हणजे लाकडासाठी जे तापमान आदर्श तेच सिन्यूसाठी जेमतेम काठावरचं. म्हणून सरस ६० ला विरघळवायचा आणि मग सिन्यू बुडवायच्या आधी ५० च्या खाली आणायचा, ४५ ते ५० मध्ये ठेवायचा, बोट घातलं तर गरम लागलं पाहिजे पण काढून घ्यावंसं वाटता कामा नये. आता या ४५-५० ला कुठला सरस पातळ राहतो ते बघा. १९२ राहतो, पातळ काकवीसारखा, जुडी वर उचलली की एक सलग धार पडते. ३१५ तेवढ्याच पाण्यात फार दाट राहतो, आणि पातळ करायला पाणी ओतत गेलं की वाळताना आक्रसणं प्रमाणाबाहेर जातं आणि थराला चिरा पडतात. आकड्याचा खरा अर्थ सिन्यूवाल्यांसाठी हा आहे.

मी सरस तापवायला पार्लरमधला वॅक्स हीटर वापरते. आत स्टीलचं भांडं, त्यात पाणी, पाण्यात काचेची बरणी, बरणीत सरस, आणि एक साधा किचन थर्मामीटर. गॅसवर पातेलं ठेवून करता येतं, पण मग सगळं लक्ष गॅसकडे जातं आणि हात सिन्यूवर पाहिजेत.

आपल्याकडे मुळात १९२ लिहिलेला दाणेदार सरस सहज मिळत नाही, बाहेरून मागवला तर सरसापेक्षा कुरिअर महाग. म्हणून माझं रोजचं उत्तर आहे बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं जिलेटिन. बिनसाखरेचं, बिनवासाचं, ज्याच्या डब्यावर ब्लूमचा आकडा छापलेला आहे असं. २०० ते २५० मध्ये काहीही घ्या. अमेरिकेतलेसुद्धा बरेच धनुष्य करणारे सुपरमार्केटमधलं नॉक्स जिलेटिन वापरतात आणि वर्षानुवर्षे वापरतात, त्यात कमीपणा काही नाही. उलट खाण्याचा माल असल्यामुळे तो एकसारखा असतो, आज आणलेला आणि सहा महिन्यांनी आणलेला यात फरक पडत नाही. पाणी मात्र जास्त घ्यायचं, वजनाने एकाला तीन ते चार भाग. आधी गार पाण्यात अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचं आणि मगच तापवायचं, थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत.

दुकानात गेल्यावर एक गोष्ट स्पष्ट बोला. जिलेटिन मागितलं की बरेचदा चायना ग्रास पुढे करतात, किंवा 'व्हेज जिलेटिन' म्हणून काहीतरी देतात. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, त्यात कोलॅजनचा पत्ता नाही, त्याची जेली होते पण त्याने सिन्यू चिकटत नाही. जेलीच्या रंगीत पुड्यापण नकोत, त्यात साखरच साखर. आणि ज्यांना प्राण्याचं काही घरात आणायचं नाही त्यांनी हा सिन्यूचा मार्गच सोडावा हे बरं, बांबूच्या पातळ पट्टीची पाठ लावून सुंदर धनुष्य होतं आणि त्याला बाकीचे गोंद चालतात.

आता आपला गावातला सरस, रंगाच्या नाहीतर हार्डवेअरच्या जुन्या दुकानात मिळतो तो, तपकिरी वड्या नाहीतर चुरा. भिंतींच्या रंगात घालायला, जुन्या लाकडी सामानाला, वाद्यांच्या दुरुस्तीला हाच वापरत आलेत. यात चांगलाही मिळतो आणि अगदी टाकाऊही, कारण हा कातड्याचा आहे का हाडांचा आहे का दोन्हीची भेसळ आहे ते कोणी सांगत नाही. हाडांचा सरस कातड्याच्या सरसापेक्षा कमजोर, आणि धनुष्याच्या पाठीला तो मी लावणार नाही. पण ओळखता येतं. वडी उजेडात धरा, आरपार अंबरी दिसली पाहिजे, गढूळ नको. तोडली तर काचेसारखी कडक तुटली पाहिजे, वाकली तर दमट आहे किंवा हलकी आहे. मग रात्रभर गार पाण्यात टाकून ठेवा. चांगला सरस सकाळी फुगून मोठा झालेला असतो, आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो पण आकार सोडत नाही, उचलला तर अख्खी लवलवीत वडी हातात येते आणि भांड्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. हलका सरस गार पाण्यातच विरघळायला लागतो, तळाशी चिकट गाळ आणि वर घाण वास.

वासाबद्दल लोक फार घाबरवतात. ताज्या चांगल्या सरसाला वास असतो पण तो सौम्य असतो, कातड्याचा. कुजका वास आला तर तो सरस मेलेलाच आहे, जंतूंनी त्याचे धागे आधीच तोडलेत.

तरी मन मानत नसेल तर एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घ्या आणि हलक्या हाताने चिमूट उघडझाप करत राहा. आधी नुसतं ओलं लागतं. मग पकड यायला लागते. मग एका क्षणी दोन बोटांच्या मध्ये बारीक पांढरे धागे ताणले जायला लागतात, कापसाचे असतात तसे, आणि बोटं सोडवायला जोर लागतो. चांगला सरस हे मिनिटभरात करतो. जो चिकटही राहतो आणि धागेही देत नाही तो परत नेऊन द्या. मी नवीन माल आणला की आधी हेच करते आणि शिवाय धामणीच्या दोन पट्ट्या चिकटवून, चार दिवस वाळवून मोडून बघते. मोडताना लाकूड फाटलं पाहिजे, जोड नाही.

धामणीचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे धनुष्याला हे लाकूड पिढ्यानपिढ्या वापरलं जातं, चिवट आणि लवचीक, कुऱ्हाडीचे दांडे करतात तेच. सिन्यू चढवायच्या आधी त्याची पाठ गरम साबणाच्या पाण्याने पुसून काढा, हॅक्सॉच्या पात्याने लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे काढा, आणि मग सरसाचं अगदी पातळ पाणी, एकाला दहा, दोन-तीनदा लावून वाळू द्या. पहिल्यांदा लाकूड ते पिऊन टाकतं आणि पाठ मॅट दिसते. पिणं थांबून पाठ चमकायला लागली की लाकूड तयार आहे. ही पायरी गाळून वर कितीही भारी सरस लावला तरी तो लाकडात उतरून जातो आणि जोड उपाशी राहतो.

ज्यांना स्वतःच सरस करायचा आहे त्यांना मी मनापासून सांगेन की करा. ढोलकी-तबला करणाऱ्यांकडे बकऱ्याच्या कच्च्या कातड्याचे कातरलेले तुकडे पडलेले असतात, ते मागून घ्या. कच्चं पाहिजे, कमावलेलं नको, चपलेचं नाहीतर पट्ट्याचं कातडं चालत नाही, कारण कमावताना कोलॅजन असं बांधून टाकतात की ते पाण्यात सुटतच नाही. तुकडे स्वच्छ धुवून, चुन्याचा अंश पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत भिजवून, मग न उकळता मंद आचेवर, ७०-८० अंशांवर काही तास ठेवायचे आणि मलमलीतून गाळायचे. पहिलं काढलेलं पाणी सगळ्यात जोरदार, ते वेगळं ठेवा. त्याच तुकड्यांचं दुसरं-तिसरं पाणी पहिल्या पातळ हातासाठी वापरा. थाळीत ओतून जेली झाली की पट्ट्या कापून जाळीवर वाऱ्याला वाळवायच्या. हे थंडीच्या कोरड्या दिवसांतच जमतं, दमट हवेत जेली वाळायच्या आधी बुरशी धरते. सिन्यू कुटताना जो आखूड, कामाचा नसलेला चुरा राहतो तोही यात टाका, कंडरेचा सरस फार उत्तम होतो, तुर्की कमानगार, म्हणजे धनुष्य करणारे, तो वापरायचे.

सिन्यूचं एकच सांगते. खाटकाकडून बोकडाच्या किंवा म्हशीच्या पायाची मागची लांब शीर घ्यायची. आधी सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात. हरणाबिरणाचं कोणी देऊ करत असेल तर हात लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि म्हशीच्या सिन्यूत काहीही कमी नाही.

माशाचा सरस हा वेगळाच आणि फार मोहात पाडणारा प्रकार आहे. कोरियातलं पारंपरिक शिंगाचं धनुष्य, गाकगुंग, आजही माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीच्या सरसाने बांधतात. तो सरस जास्त लवचीक वाळतो, आणि हात लावायला वेळही जास्त देतो. ते ज्या माशाची पिशवी घेतात तो क्रोकर कुळातला, आणि त्याच कुळातला आपला घोळ. इथेच गोष्ट संपते, कारण घोळीच्या पिशवीला परदेशात सोन्याचा भाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख आले, तेव्हा सगळ्या पेपरांत ती बातमी होती. तेव्हा घोळीचा विचार सोडा. पण त्याच कुळातला ढोमा बाजारात असतो, छोट्या पिशव्या असतात, कोळणीला सांगितलं तर साफ करताना वेगळ्या काढून देते. मी तो सरस अख्ख्या पाठीला वापरत नाही, तेवढा जमतच नाही. टोकांवर जिथे दोरी बसते तिथल्या गुंडाळीला वापरते आणि तिथे तो मला फार आवडतो.

बाटलीतला तयार लिक्विड हाइड ग्लू मिळतो, गरम न करता वापरायचा. तो गार असताना गोठू नये म्हणून त्यात युरिया किंवा तसलंच काहीतरी घातलेलं असतं. चित्राच्या फ्रेमला, गिटारला लोक वापरतात, ठीक आहे. पण जे द्रव्य सरसाला जेली होऊ देत नाही तेच त्याला वाळल्यावरही हवेतलं पाणी ओढायला मदत करतं. कोरड्या वाळवंटी प्रदेशात कोणी वापरत असेल तर मला माहीत आहे का वापरतो, महाराष्ट्रात धनुष्याच्या पाठीला नकोच.

कारण शेवटी सगळं येऊन थांबतं ते आपल्या हवेपाशी. सरस वाळला तरी तो पाण्याचा मित्रच राहतो. हवेत ओल ८० टक्क्यांच्या वर गेली की पाठ मऊ पडायला लागते, धनुष्य ओढायला हलकं लागतं, आणि तसंच ओढत राहिलं तर त्याला कायमचा वाक येतो. सिन्यूची धनुष्यं जिथे बहरली ते प्रदेश बघा, मध्य आशियाचं गवताळ मैदान, तुर्कस्तानातलं अनातोलिया, अमेरिकेतला कोरडा पश्चिम भाग. कोरियात आपल्यासारखाच उन्हाळ्यात पाऊस आहे, तर तिथे धनुष्य ठेवायला उबदार पेटी असते, त्यात वाळवून मगच मैदानात नेतात. आपल्याकडेही शिंग-कंडरेची धनुष्यं परकी नव्हती, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या प्रकारांत शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचं धनुष्य, आहे आणि दोरीच्या सामानात स्नायू, म्हणजे कंडराच, आहे. पण मुघल काळात इथे पोलादाच्या कमानीसुद्धा घडवल्या जायच्या, ओढायला त्या जड आणि सुस्त, तरी घडवायचे, आणि त्याचं जे कारण नेहमी दिलं जातं ते हेच, की शस्त्रागारात कितीही पावसाळे पडून राहिल्या तरी त्या उखडत नाहीत. आणि नंदुरबारकडचे भिल्ल बांधव बघा, धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूच्याच पट्टीची, सरसाचा थेंब नाही, भर पावसात चालतं. आपल्या हवेला त्यांनी दिलेलं हे उत्तर मला फार मोठं वाटतं.

मग आपण सिन्यू लावूच नये का, तर लावावा, पण वेळ बघून. देशावर दिवाळी झाली की सुरुवात करा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी सरस फार पटकन गोठतो, तेव्हा दुपारी काम करा आणि लाकूड आधी उन्हात थोडं कोमट करून घ्या. विदर्भातल्या मंडळींना उलट सांगते, एप्रिल-मेमध्ये हातच लावू नका, कारण जेली साधारण तिशी-पस्तिशीच्या अंशांत वितळते, चाळिशीच्या हवेत ती होतच नाही, आणि सगळे तंतू पाठीवरून घसरत राहतात. कोकणातल्यांनी जानेवारी-फेब्रुवारी साधावा. थर एकावर एक लगेच लावायचे नाहीत, पहिला नखाला कडक लागेपर्यंत थांबायचं. आणि शेवटचा थर झाल्यावर निदान तीन-चार महिने धनुष्य पूर्ण ओढू नका, वरून कडक झालं तरी आतलं पाणी फार सावकाश निघतं. म्हणजे दिवाळीनंतर सुरू केलेलं काम उन्हाळ्यात मस्त वाळतं आणि पाऊस यायच्या आत पाठ बंद करायला तयार होतं.

बंद करायला म्हणजे वर आवरण पाहिजेच. बकऱ्याचं पातळ कच्चं कातडं सरसानेच चिकटवा, त्यावर लाखेच्या पॉलिशचे पातळ पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन, आणि सगळ्यात वर मेण चोळा. लाख पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवते, पूर्ण नाही. पावसाळ्यात धनुष्य दोरी उतरवून कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं.

उरलेला सरस फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेत घालून वड्या केल्या तर महिनोन् महिने. फक्त ट्रेवर ठळक लिहून ठेवा, घरात लहान मुलं असतात. आणि एकच वडी परत परत तापवू नका, दोनदा तापवून झाली की ती पहिल्या पातळ हातासाठी बाजूला ठेवा, पाठीसाठी नवीन भिजवा.